गिचमिड म्हणायचं कशाला

ता. ४ मार्च

चि. बोरू,

देव तुला सुखात ठेवो, आणि त्याआधी जरा अक्षर सुधारायची बुद्धी देवो.

तुझं पत्र आलं. आलं एवढंच म्हणायचं, वाचलं म्हणता येत नाही. खिडकीशी धरलं, चष्मा पुसला, शेवटी तुझ्या दाजींपुढे ठेवलं. ते म्हणाले, "कोंबडी शाईत पाय बुडवून नाचलेली दिसते." माझ्या माहेरावर बोलायची संधी हा माणूस कधी सोडत नाही. मी म्हटलं, "कोंबडी निदान अंडं तरी देते." पण मनातून लागलं मला. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला मास्तर तुलाच बोलवायचे. लेखणीसारखा काटकुळा आणि अक्षर मोत्याचं, म्हणून तर तुझं नाव बोरू पडलं. त्या बोरूचं हे असं व्हावं?

दाजी म्हणाले, "सगळं गिचमिड आहे." तिथे मात्र मी त्यांना थांबवलं. आपल्या घरात तो शब्द असा उधळायचा नसतो. बाबा टपालकचेरीत पत्रं निवडायला बसायचे तेव्हाचं त्यांना सगळं सांगितलं. वाईट अक्षराला बाबा वाईट म्हणायचे, बारीक असेल तर किरटं, घाईचं असेल तर खरडलेलं. पाकीट उलटंसुलटं करायचे, वास घ्यायचे, डोळे मिटून बोटाने हवेत गिरवून बघायचे. एखादं पाकीट दोन-दोन दिवस खिशात घेऊन फिरायचे. एवढं करूनही पत्ता लागला नाही, तरच ओठ दाबून म्हणायचे, "गिचमिड." आणि एकदा म्हटलं की पाकीट परतीच्या पेटीत. मी लहानपणी विचारलं होतं, गिचमिड म्हणजे वाचता येत नाही ते ना? तर म्हणाले, "नाही गं पोरी. ज्याच्यापुढे मी हात टेकले, ते गिचमिड. तो शब्द पत्राबद्दल नसतो, माझ्याबद्दल असतो."

तेव्हा मी अजून हात टेकलेले नाहीत. पत्रात 'हात' हा शब्द तेवढा लागला, पुन्हा पुन्हा आलाय. काय झालंय हाताला? नीट लिही. पाठकोऱ्या कागदावर लिहिलंस तरी चालेल, मीही तेच करते.

तुझी
ताई

ता. १५ मार्च

ती. ताईस,

अक्षर बिघडलेलं नाही गं, मनगट बिघडलं होतं. आता सूज उतरली, म्हणून हे वाचता येतंय.

तुला माहीत आहे, समोरच्या डॉक्टरच्या सगळ्या चिठ्ठ्या माझ्या औषधांच्या दुकानात येतात. त्याचं अक्षर म्हणजे सुरुवातीला एक आकडा, मग आडवी रेघ आणि शेवटी उंदराचं शेपूट. शेपूट वर गेलं तर गोळी, खाली गेलं तर बाटली. नाही कळलं तर रस्ता ओलांडून विचारायला जायचं, अशी पहिल्यापासूनची रीत. पहिल्या वर्षी विचारलं की तो फाईल डोक्यात घालायचा. मग कानाखाली. बाकावर आजारी माणसं बसलेली असतात. ती खाली बघतात. आपला नंबर जाईल अशी भीती असते त्यांना.

मागच्या महिन्यात त्याने मला आतल्या खोलीत बोलावलं. मी विचारलं, साहेब, हा चार की सहा? तो ओरडला नाही. टेबलाचा खण उघडा होता. म्हणाला, "हात ठेव इथं." आणि ताई, मी ठेवला. ठेव म्हटल्यावर ठेवला! त्याने गुडघ्याने खण बंद केला आणि तसाच दाबून धरला. धरून ठेवून पुढची चिठ्ठी लिहीत बसला, सही करेपर्यंत. माझं हाड वाजलेलं मला ऐकू आलं. त्यालाही आलं असणार, कारण सही करताना तो थांबला नाही.

हे फक्त तुला लिहितोय. हिला सांगितलंय की शटर पडलं. दुकानाची जागा डॉक्टरची आहे. बोलायचं कोणत्या तोंडाने? तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे हा.

पण मी आता युक्ती काढली आहे. विचारायला जातच नाही. चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसाकडे बघतो. डोळे पिवळे आहेत का, दुकानाच्या पायऱ्या चढून दम लागलाय का, मागच्या वेळी काय नेलं होतं. अक्षर वाचत नाही मी आता, माणूस वाचतो. अजून एकदाही चुकलो नाही. बाबा असते तर खूश झाले असते की नाही?

तुझा
बोरू

ता. २० मार्च

चि. बोरू,

पत्र वाचून झालं आणि मी भांडी घासायला बसले. तुझ्या दाजींनी विचारलं, आज पातेल्यांवर राग का? मी म्हटलं, डाग जात नाही.

त्या डॉक्टरचं काय करायचं ते देव बघेल. मी रोज घरखर्च लिहिते, मला माहीत आहे, कुणाचं देणं बाकी राहिलं असेल तर पान उलटता येत नाही. वर बसलेला तर माझ्याहून कडक हिशेबनीस आहे. मी सकाळी देवापुढे बसते तेव्हा त्या माणसाच्या हाताला सद्बुद्धी मागते. कधी कधी सद्बुद्धी म्हणायच्या जागी दुसरंच तोंडात येतं. मग पहिल्यापासून जप सुरू करते.

तू मात्र भांडू नको. पाण्यात राहून माशाशी वैर बरं नव्हे. तुझी युक्ती मला फार आवडली. बाबाही पाकिटाला पिठाचा वास आला की पाववाल्यांच्या गल्लीत पाठवायचे. शोभतोस त्यांचा मुलगा. शेजारणीला सांगितलं, माझा भाऊ औषधं देताना माणूस वाचतो. तिने आपल्या सासूला पाठवायचं ठरवलंय.

एकच बोलते. बायकोशी खोटं बोललास ते बरं केलं नाहीस. माझा नेम तुला माहीत आहे, खोटं बोलायचं नाही. कुणी विचारलंच नाही, तर सांगायलाच हवं असं मात्र नाही.

तुझी
ताई

ता. १७ एप्रिल

ती. वन्संना,

हे पत्र मी लिहितेय, कारण यांना लिहिता येत नाही. घाबरू नका म्हणणार होते, पण घाबरा.

कोपऱ्यावरच्या घरातल्या आजी दर महिन्याला स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येतात. परवा त्या चिठ्ठी घेऊन आल्या. यांनी त्यांच्याकडे बघितलं, ओळखीचं हसले आणि नेहमीच्या गोळ्या बांधून दिल्या. चिठ्ठी आजींची नव्हती. त्यांच्या सुनेची होती. सून नुकतीच बाळंत झालेली, अंगात रक्त नाही, उभी राहिली की भोवळ येणारी. तिला ताकदीचं औषध हवं होतं. तिने रक्तदाब उतरवायच्या गोळ्या घेतल्या आणि जिन्यात कोसळली. वरच्या पायरीपासून खालच्या पायरीपर्यंत. डोकं फुटलं होतं. दवाखान्यात नेईपर्यंत संपली.

तिचे दोन भाऊ बर्फाच्या कारखान्यात आहेत. ते लाद्या ओढायचे लोखंडी आकडे घेऊनच आले. आधी काचा फोडल्या. मग एकेक फळी आकड्याने ओढून पाडली. बाटल्या फुटून लाल औषध सगळीकडे वाहिलं, त्यात हे घसरून पडले. मला वाटलं सगळं यांचंच रक्त आहे. थोरल्याने यांची मान धरून चिठ्ठी डोळ्यांपुढे धरली. "वाच! मोठ्याने वाच!" हे म्हणाले, "नाही येत वाचता." तेव्हा तो म्हणाला, "नाही येत? मग गीळ." आणि चिठ्ठी तोंडात कोंबली, आकड्याच्या मुठीने घशापर्यंत ढकलली. पुढचे दोन दात गेले. मग यांचा उजवा हात काउंटरवर ठेवला आणि धाकट्याने शटरचं मोठं कुलूप घेतलं. एकेक बोट, वन्सं. मी पाया पडत होते. त्याने मला लाथ मारली नाही, फक्त पायाने बाजूला सारलं, खुर्ची सारतात तसं.

समोरच्या खिडकीतून डॉक्टर बघत होते. सगळं झाल्यावर खाली आले. पोलिसांना म्हणाले, माझं अक्षर स्वच्छ असतं, हा माणूस बेपर्वा आहे, आणि तिथल्या तिथे तीच चिठ्ठी सुवाच्य अक्षरात लिहून दिली. एकेक अक्षर सुटं, वळणदार. मी त्यांचं इतकं छान अक्षर पहिल्यांदा पाहिलं. मूळ चिठ्ठी यांच्या पोटात.

पोलीस यायच्या आतच ते दोघे निघून गेले होते, आणि भीतीपोटी मी त्यांची नावं सांगितली नाहीत. जाताना थोरला दारात थांबला होता. "बाळाची काहीतरी सोय लागू दे. मग येऊ. डावा हात राहिलाय."

हे एकदाच म्हणाले, "मी आजींना वाचलं, चिठ्ठी बघितलीच नाही."

तुमची
भावजय

ता. २१ एप्रिल

चि. सौ. भावजयीस,

निघते आहे. तुझ्या दाजींसाठी दोन दिवसांचं करून ठेवते, तिसऱ्या दिवशी त्यांना पाव आणायला दुकान सापडतं का बघू. उपास धरला आहे, माझ्यासाठी काही करत बसू नको.

त्याच्या डाव्या हाताखाली उशी ठेव. तो अजून धड आहे म्हणून दुर्लक्ष करू नको.

आणि त्या मुलीचं घर दाखवायची तयारी ठेव. मयताच्या घरी जायला हवं. आपल्या माणसाच्या हातून झालंय, तेव्हा आपणच जायचं असतं.

ताई

ता. ९ मे

ती. वन्संना,

तुम्ही पोचल्याचं कळलं. इथे जे झालं ते ऐकून तुमच्याही अंगावर काटा येईल.

तुम्ही गेल्यानंतरच्या आठवड्यात, भर दुपारी, दवाखाना जेवणासाठी बंद असताना ते दोघे भाऊ आत शिरले. झाडणारी बाई मागच्या खोलीत होती, तिने दाराच्या फटीतून सगळं पाहिलं, ऐकलं. डॉक्टर ओरडले, बाहेर व्हा. मग खुर्ची पडल्याचा आवाज. मग थोरला एकदम शांतपणे म्हणाला म्हणे, "हात ठेव इथं." डॉक्टरांनी नाही ठेवला, तर त्यांनी ठेवला. टेबलाच्या खणात. धाकट्याने खण पायाने बंद केला, आणि थोरला टेबलावर बसून म्हणाला, "आता चिठ्ठी लिही." बंद केला, उघडला. बंद केला, उघडला. बाई म्हणते, शेवटी हाडाचा आवाजसुद्धा येत नव्हता, ओल्या फडक्यासारखा येत होता. डॉक्टरांचा हात कोपरापासून काढावा लागला.

दोघे भाऊ स्वतःच पोलिसांत गेले. जाण्याआधी दुकानात आले. मी यांच्यापुढे उभी राहिले. पण थोरल्याने हात जोडले. म्हणाला, "तुमच्यावर आमचा राग नाही. तुम्हीही त्याचाच मार खाल्ला आहे." धाकटा जाताना दारातली काच पायाने गोळा करत होता. बाळ आता आजींकडे आहे. मामा आत, आई नाही, बापाचा आधीपासूनच पत्ता नाही.

मी तुमच्याबरोबर त्या घरी आले होते तेव्हा बाळ माझ्या मांडीवर दिलं होतं. तुम्ही आत त्या दोघांशी बसला होता. तुमचा आवाज काही कानावर आला नाही. असं काय सांगितलंत की त्यांनी आमचा पिच्छा सोडला? देव पावला म्हणायचा.

इथवरचं पत्र मी काल यांना वाचून दाखवलं. 'हात ठेव इथं' आलं तेव्हा म्हणाले, "काय म्हणाला? पुन्हा वाच." मी वाचलं. तेव्हापासून जेवले नाहीत.

तुमची
भावजय

ता. १५ मे

चि. सौ. भावजयीस,

त्याला पातळ काहीतरी चमच्याने भरव, दात नाहीत तर चावणार कशाने, म्हणून जेवत नसेल. बोटांची हाडं धरली की रोज कोमट पाण्यात हात बुडवून बोटं हलवायची. रडला तरी हलवायला लाव. तो लहानपणी इंजेक्शन पाहून पलंगाखाली जायचा, मी पाय धरून ओढायची. तसंच कर.

मयताच्या घरी माणूस काय बोलतो? देवाचं नाव घेतलं, त्या मुलीबद्दल विचारलं. जे बोलले त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

त्या बाळासाठी जुन्या मऊ साडीची दुपटी शिवून पाठवते आहे. आजींना नेऊन दे. माझं नाव सांगायची गरज नाही.

ताई

ता. २ जून

ती. ताईस,

डाव्या हाताने लिहितोय. कागद उजव्या कोपराने दाबून धरलाय. अक्षराला हसू नको. दाजींना हसू दे.

पोलिसांना मी खरं सांगितलं. चिठ्ठी मी वाचली नव्हती. अक्षर वाईट होतं, पण एकदा रस्ता ओलांडला असता तर ती मुलगी जिवंत असती. मी मार चुकवला, तिला मरण आलं. माणूस वाचतो म्हणे मी! आजींचा चेहरा मात्र बरोबर वाचला होता. त्या घाबरलेल्या होत्या. मला वाटलं, म्हातारपण.

जे व्हायचं ते होईल. दुकान गेलं. ही शिवण शिवते. आजी बाळाला घेऊन कधी कधी येतात. माझ्याशी बोलत नाहीत. बाळ माझ्या पट्टीचा दोरा ओढतं.

आता दुसऱ्या पानावर लिहितो, म्हणजे हिला पहिलं दाखवता येईल.

(पान दुसरं)

ताई, खणाची गोष्ट मी तुला एकटीला लिहिली होती. हिला नाही, पोलिसांना नाही, कुणालाच नाही. 'हात ठेव इथं' हे शब्द त्या खोलीत फक्त मी ऐकले होते आणि तुला लिहिले होते. त्या दोघांना ते कुठून मिळाले?

मला झोप लागत नाही. डोळे मिटले की खण दिसतो, आणि आत कधी माझा हात असतो, कधी त्याचा. दुखतं दोन्ही वेळा.

माझा हात वाचावा म्हणून तू त्याचा दिलास का? एवढंच लिही की तू काही सांगितलं नव्हतंस. तू खोटं बोलत नाहीस. तू लिहिलंस की माझा विश्वास बसेल. एक ओळ पुरे.

बोरू

ता. १० जून

चि. बोरू,

पत्र पोचलं. डाव्या हाताने एवढं लिहिलंस, मास्तर असते तर पाठ थोपटली असती. दाजी हसले नाहीत. पहिलं पान खिडकीशी धरून वाचलं आणि म्हणाले, "कोंबडीबिंबडी काही नाही हो, वाचता येतं." त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप.

पहिलं पान अक्षर न् अक्षर लागलं. तू खरं सांगितलंस ते चांगलं केलंस. जी शिक्षा होईल ती घे, पळ काढू नको. तुझ्या बायकोला शिवणासाठी माझं जुनं मशीन पाठवते आहे, तेलपाणी केलं आहे. पट्टा तेवढा नवा घाला. बाळाने दोरा ओढला तर ओढू दे. दुखलं तरी हात मागे घेऊ नको.

मी आता सकाळी देवापुढे बसते, पण मागत काही नाही. नुसती बसते. जप पहिल्यापासून सुरू करते आणि पहिल्याशीच थांबते.

दुसरं पान मी दाजींना दाखवलं नाही. चष्मा पुसून बघितलं. खिडकीशी धरलं. बाबांसारखे डोळे मिटून बोटाने हवेत गिरवून बघितलं. दोन दिवस कमरेला खोचून फिरले, भाजी चिरताना, झाडताना, देवापुढे बसतानासुद्धा.

वाचता आलं नाही असं मी म्हणत नाही. तू मला ओळखतोस, आणि बाबांच्या घरातला आहेस.

गिचमिड आहे, बोरू.

पान परत पाठवते आहे. डावा हात जप.

तुझी
ताई